चूक ठरवलेलं उत्तर

ऑक्सफर्ड, संत अ‍ॅग्नेसचा दिवस, जानेवारी १३३८

प्रिय थर्स्टन,

मास्टर गर्वेज वारले. काल सकाळी गिरणीच्या बांधाखाली बर्फ फुटला आणि त्यांचा देह वर आला. नुसत्या गिरणीवाल्याच्या शब्दावर मी हे लिहीत नाही. मृत्यूची चौकशी करायला कॉरोनर स्वतः आले, त्यांनी हॉलमध्ये शिकवणाऱ्या तिघा मास्टरांना देहापाशी नेलं, आणि मी, रॅल्फ आणि आयव्हो, तिघांनीही सांगितलं की हो, हे आमचेच प्रमुख. थंडीनं चेहरा जपून ठेवला होता. जेवताना कोणी मोठ्यानं बोललं की ते जशी भुवई वर करायचे, तशीच ती होती.

आम्ही सगळे समजत होतो की ते विदकोटला सर फुल्कच्या वाड्यावर सणासाठी गेलेत आणि तिथली शेकोटी आवडल्यामुळे राहिलेत. सर फुल्कचा कारभारी आला होता. तो म्हणाला, आम्हीच त्यांची वाट पाहत होतो, ते पोचलेच नाहीत. म्हणजे सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाच्या दोन दिवस आधी ते ज्या सकाळी निघाले, तेव्हापासून ते पाण्यात होते.

आणि सणाला जेवणानंतर आपण काय करत होतो? आपल्या तर्काच्या खेळात तुझं गृहीत काय होतं? "मास्टर गर्वेज मेले आहेत." लोक पोपला मारतात, राजाला गाढव करतात, तू आपल्या प्रमुखांना मारलंस, आणि सगळे खदखदून हसले. आता आयव्होला ते आठवलं की तो छातीवर क्रूस काढतो.

कॉरोनरच्या कारकुनाच्या कानावर हे गेलंय. काल तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्टर हॅमो, तो खेळ काय असतो ते सांगा बघू." मी सांगितलं. एकजण दुसऱ्याला एक खोटं विधान देतो. दुसऱ्यानं ते खरं धरून बसायचं. मग पहिला एकेक वाक्य टाकत जातो. गृहीतातून निघणारं असेल तर दुसऱ्यानं म्हणायचं मान्य, गृहीताच्या विरुद्ध असेल तर अमान्य. आणि ज्या वाक्याचा गृहीताशी संबंधच नाही, त्याला आपल्या खऱ्या माहितीप्रमाणे उत्तर द्यायचं. ठाऊक नसेल तर म्हणायचं, शंका. स्वतःचंच बोलणं खोडलं की हरला.

"हरल्यावर काय होतं?" त्यानं विचारलं.

"लोक हसतात."

"आणि जिंकल्यावर?"

"तेव्हाही हसतात."

त्याला काही हसू आलं नाही. तू दोन ओळी लिहून पाठव, की गृहीत तुझं होतं आणि तो नुसता डाव होता. तेवढ्यानं भागेल.

आता एक भांडण. आज ते काढू नये हे कळतं, पण तुझ्याशी नाही तर कोणाशी काढू? तू वाक्य टाकलंस, "मास्टर गर्वेज गिरणीच्या बांधाखाली आहेत." माणूस मेला, एवढ्यावरून तो कुठे आहे हे निघत नाही. मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, शंका. आणि तू म्हणालास, "चूक. मान्य कर." आपल्या हॉलमध्ये प्रश्नकर्ताच पंच असतो, म्हणून मी मान्य केलं, आणि तू तिथेच डाव सोडून उठलास. दोन दिवसांनी तर तू गाव सोडून आपल्या नव्या चर्चकडे गेलास. तेव्हापासून ते मला दाताखाली खड्यासारखं लागतंय. आता वाक्य खरं निघालं, मान्य आहे. पण आज खरं निघालं म्हणून तेव्हाचं माझं उत्तर चूक ठरत नाही! कुठे चुकलो ते सांग.

मास्टरांसाठी प्रार्थना कर.

तुझा
हॅमो

•

कोल्डहर्स्ट, जानेवारीचा शेवटचा शुक्रवार

प्रिय हॅमो,

तुझं पत्र गाडीवानानं अंगणातच दिलं आणि मी तिथेच उभ्यानं वाचलं. मास्टरांसाठी काल मिस्सा म्हटली. गावातली बारा-पंधरा माणसं आली. त्यांना कोण गर्वेज ते ठाऊक नाही, पण चर्चमध्ये वारा लागत नाही, म्हणून येतात.

इथलं काय सांगू. छत गळतं. गॉडिथ नावाची एक म्हातारी चर्चची झाडलोट करते आणि माझीही करते. परवा प्रवचनात मी "काही" आणि "सर्व" यांतला फरक समजावत होतो, तर ती मागून म्हणाली, "फादर, डुकरं मोकळी सुटलीत, काही नाही, सर्व." आणि अख्खं चर्च बाहेर पळालं. इथे माझ्या विद्येचा एवढाच उपयोग.

मास्टर म्हातारे होते. नदीकाठची ती वाट हिवाळ्यात काचेसारखी होते. त्यात शोधण्यासारखं काय आहे? कॉरोनरला काम दाखवावं लागतं, एवढंच. माझा सल्ला ऐक. खेळाबद्दल कोणाला काही समजावू नकोस. तू समजावायला लागलास की साधी गोष्ट अवघड होते, हे तुला मी आजवर शंभरदा सांगितलंय. विचारलं तर म्हण, सणाचा दिवस होता, बिअर झाली होती, आठवत नाही.

तुझ्या भांडणाचं म्हणशील, तर मी "चूक" म्हणालो असं मला मुळीच आठवत नाही. तू म्हणालास शंका, मी पुढे गेलो, असंच झालं असणार. बिअर मी नव्हतो प्यायलो, तू प्यायला होतास.

कॉरोनरला वेगळं पत्र लिहिण्याची गरज दिसत नाही. लिहिलं तर त्यांना वाटेल, खरंच काहीतरी आहे. त्या वाटेवर मास्टरांना कोणी पाहिलं होतं का? कोणी काही बोलतंय का? कळव.

थर्स्टन

•

ऑक्सफर्ड, संत ब्लेझचा दिवस, फेब्रुवारी

थर्स्टन,

वाटेवर त्यांना कोणी पाहिलेलं नाही. सगळे माझ्याकडेच पाहतायत.

काल कॉरोनरच्या पंचांपुढे उभा राहिलो. बाराच्या बारा शहरवाले, एक बेकर, एक कातडी कमावणारा, एक मेणबत्त्या करणारा. आपल्या पोरांनी ज्यांच्या खिडक्या फोडल्या, तेच. मास्टरांच्या डोक्याला मागे खोक आहे. दगडाची की बर्फाची की कशाची, ते कॉरोनर सांगू शकत नाहीत. त्यामुळे पंचांनी दुसरी बाजू धरली, की हे आधी कोणाला ठाऊक होतं?

तू म्हणाला होतास समजावू नकोस. पण शपथ घेतल्यावर आठवत नाही कसं म्हणू? आठवतंय! बेकर विचारत होता.

"मास्टर गर्वेज मेले, असं तुम्ही सणाच्या दिवशी म्हणालात?"

"म्हणालो नाही. मान्य केलं."

"म्हणजे म्हणालात."

"नाही हो. ते खोटं होतं, म्हणून तर मान्य केलं."

"खोटं कसं होतं? ते तेव्हा पाण्याखाली होते की!"

सगळी खोली हसली. मीही हसलो असतो, दुसरा कोणी तिथे उभा असता तर.

"बरं, आणि बांधाखाली आहेत, हे?"

"ते प्रश्नकर्त्यानं विचारलं."

"विचारणाऱ्यानं विचारलं, ठीक. विचारायला काय जातं! तुम्ही काय म्हणालात?"

"आधी म्हणालो, शंका."

"आणि मग?"

"मग मान्य केलं."

बेकर जरा पुढे वाकला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "मास्टर, शंका कशी फिटली तुमची?"

इतकी वर्षं मी तर्क शिकवतो, आणि एका पाव भाजणाऱ्यापुढे तोंड उघडं टाकून उभा राहिलो. कारण तू "चूक" म्हणालास म्हणून फिटली, असं सांगितलं तर तू का म्हणालास ते सांगायला हवं, आणि ते मला ठाऊक नाही. तू म्हणालाच होतास. रॅल्फला आठवतं, आयव्होला आठवतं. आयव्होनं तर तुझी नक्कल करून दाखवली, हात असा टेबलावर आपटून.

विद्यापीठाच्या चॅन्सेलरसाहेबांनी मध्ये पडून मला शहरवाल्यांच्या हातात जाऊ दिलं नाही, पण आता मी हॉलच्या फाटकावरच्या खोलीत आहे आणि दाराला बाहेरून कडी असते. मी धर्मगुरू आहे, त्यामुळे फासावर कोणी देणार नाही. पण निकाल विरुद्ध गेला तर बिशपच्या तुरुंगात टाकतील, जन्मभरासाठी. तिथे गेलेला मास्टर पुन्हा शिकवायला आलेला मी तरी पाहिला नाही. पुढची सुनावणी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी आहे.

पत्र नको, तूच ये. समोर उभा राहून सांग की गृहीत माझं, वाक्य माझं, "चूक" हा शब्दही माझा. तू उत्तम बोलतोस. बेकरसुद्धा ऐकेल.

खालून विद्यार्थी जातात तेव्हा वर बघत नाहीत. काल एकानं बघितलं आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

हॅमो

•

कोल्डहर्स्ट, फेब्रुवारीचा दुसरा सोमवार

हॅमो,

बरं, म्हणालो असेन. तू आणि आयव्हो म्हणता तर म्हणालो असेन.

त्यात काही गूढ नाही. मी सापळा लावत होतो. ते जुनं कोडं, मेलेला माणूस हा माणूस नसतो, मग मेलेले गर्वेज हे गर्वेजच नव्हेत. तू एकदा मान्य केलंस की ते बांधाखाली आहेत, की मी सिद्ध करणार होतो की तिथे कोणीच नाही. तू शंका म्हणून निसटत होतास, म्हणून ढकललं. झालं समाधान?

येणं शक्य नाही. उपवासकाळ तोंडावर आहे, अख्ख्या गावाची पापनिवेदनं ऐकायची आहेत. आल्याआल्या चर्च सोडून गेलो तर सर फुल्क काय म्हणतील? त्यांच्या मर्जीवर मी इथे आहे.

शांत डोक्यानं विचार कर. पंचांना खेळ कळत नाही आणि कळणारही नाही. त्यांना कळेल असं काहीतरी त्यांना दे. म्हण, सणाच्या सकाळी गिरणीवरून येताना पाण्यात काहीतरी काळं दिसलं होतं. मन घाबरलं, कोणाला सांगितलं नाही, आणि खेळात तोंडून निसटलं. शंका कशी फिटली याचं सरळ उत्तर मिळतं. यात खून नाही, फक्त भित्रेपणा आहे. भित्रेपणा लोकांना लगेच पटतो.

आणि समजा, समजा हं, नाहीच पटलं. बिशपचा तुरुंग म्हणजे काही नरक नव्हे. भिंती मठालाही असतात. तिथला अधिकारी माझ्या ओळखीचा आहे. पुस्तकं मिळतील, एक-दोन वर्षांत काही करता येईल. तुझ्यामागे आई नाही, बहीण नाही, तुझ्यावर विसंबून कोणी नाही. माझ्यामागे एक गाव आहे. हे मी कठोरपणे म्हणत नाही. तू तर्काचा माणूस आहेस, दोन्ही बाजू मांडून बघ.

गॉडिथनं लोकरीचे मोजे विणून दिलेत, सोबत पाठवतोय. ती म्हणाली, तुरुंगात पाय आधी गारठतात. मी तिला तुझ्याबद्दल थोडंसं सांगितलं होतं.

थर्स्टन

•

ऑक्सफर्ड, संत व्हॅलेंटाइनचा दिवस

थर्स्टन,

मोजे घातलेत. गॉडिथला माझे आभार सांग.

तुझा सापळा मी उलटसुलट करून पाहिला. इथे दुसरं काम नाही. तो चालत नाही. मेलेला माणूस माणूस नसतो, हे कोडं खेळायला मास्टरांना कुठेही ठेवलं असतं तरी चाललं असतं. स्वयंपाकघरात ठेवायचं, विदकोटला ठेवायचं. तिथे तर आम्ही सगळे त्यांना समजतच होतो. बांध कशाला? आणि सापळा लावणारा वाक्य टाकतो आणि वाट बघतो. समोरच्याचं उत्तर चूक ठरवत नाही. शिवाय मी मान्य केल्यावर सापळा ओढायची वेळ होती. तू ओढला नाहीस. तू उठलास आणि बाहेर गेलास.

तेव्हा मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. संबंध नसलेल्या वाक्याला "शंका" हे उत्तर कधी चूक असतं? एकाच वेळी. उत्तर देणाऱ्याला ते वाक्य खरं असल्याचं ठाऊक असताना. तेव्हा त्यानं मान्यच म्हणायला हवं. हा नियम मला तू शिकवलास. त्यात तू चुकलेला मी कधी पाहिला नाही, तापात असताना नाही आणि बिअर पिऊन तर नाहीच.

म्हणजे तेव्हाही तू चुकला नव्हतास. वाक्य खरं होतं आणि ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं, आणि एवढं एकच तू विसरलास. समोर उत्तर चुकीचं आलंय असं वाटलं आणि तुझा हात टेबलावर आपटला.

आपल्या विद्यार्थ्याच्या, पियर्सच्या वेळी तो हात टेबलावर आपटला नव्हता. त्या पोरानं एक उलटा निष्कर्ष काढला आणि तुझ्या फटक्यानं त्याचा डावा कान गेला. तू सगळ्यांना सांगितलंस, तो जिन्यावरून पडला. आम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं. मास्टरांनी म्हटलं नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संत स्टीफनच्या सणाला, ते मला म्हणाले, "कोल्डहर्स्टसाठी मी थर्स्टनची शिफारस केली होती, ती सर फुल्कना भेटून परत घेणार आहे. ज्याला चुकीचं उत्तर सहन होत नाही, त्याच्यासमोर लोकांनी आपली पापं कशी उघडायची?" मला म्हणाले, मी परत येईपर्यंत कोणाला सांगू नकोस. ते परत आले नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही. आणि ते विदकोटला पोचले नाहीत, म्हणून तुझी शिफारस जशीच्या तशी राहिली.

तू त्यांना ढकललंस का, मला ठाऊक नाही. या वाक्याला माझं उत्तर शंका आहे, आणि यावेळी ते चूक ठरवायला तूच यायला हवास.

ते गृहीत तू का दिलंस, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, तुला ते एकदा मोठ्यानं म्हटलेलं ऐकायचं होतं. भरल्या खोलीत, सगळे हसत असताना.

मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. आयव्होला अर्ध्यातच झोप येईल, बेकरला मी पुन्हा कोडी घालतोय असं वाटेल. चॅन्सेलरसाहेब मात्र तर्कशास्त्री आहेत. त्यांना एका वाक्यात कळेल. त्यांच्याकडे जाण्याआधी तुला लिहितोय. आठ वर्षं एका खोलीत राहिलो आपण. तू स्वतः येऊन सांगावंस, असं मला वाटतं. माझ्या सुटकेसाठी तर हवंच, पण तेवढ्यासाठीच नाही.

हॅमो

•

कोल्डहर्स्ट, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी

प्रिय हॅमो,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहून जाळलं.

मी येतोय. उद्या गावाच्या कपाळाला राख लावायची आहे, त्यानंतर निघेन. शनिवारी दुपारपर्यंत पोचतो. सर फुल्कचा घोडा मागून घेतलाय.

तुझा तर्क चोख आहे. मी शिकवलेल्यांत तूच एक होतास ज्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. पत्रात यापुढे काही लिहिणार नाही. जे आहे ते समोर सांगेन.

पण मी साक्षीदार म्हणून येत नाही. दोन वर्षांपूर्वी आपण एकाच दिवशी धर्मगुरू झालो. आठवतं, बिशपसाहेब तुझ्या डोक्यावर हात ठेवताना शिंकले होते? तो हात तुझ्यावरही तितकाच ठेवला गेलाय जितका माझ्यावर. मी तुझ्याकडे पापनिवेदन करायला येतोय. गुडघे टेकून, नियमाप्रमाणे. उपवासकाळात दाराशी आलेल्या पाप्याला धर्मगुरू परत पाठवू शकत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि तिथे ऐकलेलं त्याच्या तोंडून पुन्हा कधी बाहेर पडत नाही, हेही.

तुला वाटेल, मी याचसाठी तुला निवडलं. वाटू दे. तू ते शोधून काढणारच, मग मीच लिहितो. पण दुसरंही खरं आहे, हॅमो. गेल्या रविवारी पवित्र भाकर उचलून मी इतका वेळ तशीच धरून राहिलो की गॉडिथनं नंतर विचारलं, "फादर, जेवता की नाही?" मी रोज या माणसांची पापं ऐकतो. कोणी शेजाऱ्याची कोंबडी मारलेली असते, कोणी सासूला शाप दिलेला असतो. ती रडतात आणि हलकी होऊन जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात की नाही, हे तू ठरव. मला आता ठरवता येत नाही.

चॅन्सेलरसाहेब लंडनला गेलेत आणि सोमवारच्या सकाळीच परततील, असं गाडीवान म्हणाला. तोवर कोणाशी बोलू नकोस. फाटकवाल्याला सांगून ठेव की तुझा पापनिवेदनाचा पाहुणा येतोय, म्हणजे तो दाराशी कान लावून उभा राहणार नाही.

थर्स्टन

•

ऑक्सफर्ड, राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार

थर्स्टन,

हे पत्र गाडीवान उद्या पहाटे घेऊन निघेल. तुमची वाट एकच आहे, त्यामुळे खाणावळीपाशी तो तुला गाठेल. तू घोड्यावरून उतरायच्या आधी हे वाचावंस म्हणून त्याला दोनदा बजावलंय.

गाडीवान खरं बोलला. चॅन्सेलरसाहेब लंडनला आहेत. मी फाटकवाल्याकरवी विचारलं, तर त्यांच्या घरून निरोप आला की सोमवारी सुनावणीच्या वेळेलाच सरळ येतील. आयव्होला बोलावून सगळं सांगावं असं काल मनात आलं. तो आलाही. दारातूनच म्हणाला, "हॅमो, मला काही सांगू नकोस रे, मला पंचांपुढे बोलावलंय." आणि गेला. एक पाव ठेवून गेला.

तू डाव फार चांगला मांडलास. कायद्याचे पंडित म्हणतील, जे तुला आधीपासून ठाऊक होतं ते तू खुशाल बोल, पापनिवेदनात जे ऐकलंस तेवढंच झाकून ठेव. ते बरोबर आहे. पण मी स्वतःला ओळखतो. तुझ्या तोंडून ऐकल्यावर कोणता शब्द माझा आधीचा आणि कोणता तुझा, हे मला वेगळं काढता येणार नाही. बेकर पुन्हा विचारेल, शंका कशी फिटली? तेव्हा ती खरोखरच फिटलेली असेल, आणि कशी ते मला सांगता येणार नाही. मी गप्प राहीन. मी गप्प राहिलेला बघून पंचांना काय वाटेल, ते तू इतक्या लांबूनही ओळखलंस.

मी तुला नाही म्हणणार नाही. तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट, पश्चात्तापाची, खरी असण्याची शक्यता आहे, आणि ती आहे तोवर मला दार बंद करता येत नाही. मात्र तू गुडघे टेकलेस तर धर्मगुरू म्हणून मी एक सांगेन. इथून उठून कॉरोनरकडे जा, त्याशिवाय क्षमा नाही. मी तुला जायला सांगू शकतो, नेऊ शकत नाही. तू क्षमा न घेता जिना उतरून गेलास तरी माझं तोंड तितकंच बंद राहील. हे तू आधीच मोजलं असणार.

म्हणून एक दुसरी सोय करतोय. या खोलीत एकच स्टूल आहे, ते माझं. फाटकवाल्याला मी खुर्ची मागितली. तो कुरकुरला, "मास्टर, कैद्याला दोन खुर्च्या कशाला?" मी म्हटलं, मित्र येतोय. तो म्हणाला, "मग ठीक," आणि खालच्या भोजनगृहातून मास्टर गर्वेजची उचलून आणली. दुसरी रिकामी नव्हती. तिचे हात झिजून गुळगुळीत झालेत.

ती मी खिडकीपाशी ठेवलीय. तू आत येऊन तिच्यात बसलास, तर मी हॅमो आहे आणि तू थर्स्टन आहेस. आपण बोलू. दिवेलागणीपर्यंत बोलू, हवं तर भांडू. आणि सोमवारी मी जे जाणतो ते चॅन्सेलरसाहेबांना सांगेन, तुझ्यासमोर. तू तिच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकलेस, तर मी पापनिवेदन ऐकताना धर्मगुरू घालतो तो पट्टा गळ्यात घालेन आणि सोमवारी काही बोलणार नाही.

यातलं कोणतं, ते मी ठरवणार नाही. खोलीत यायला एकच दार आहे, आणि खुर्ची दाराच्या समोरच आहे, चुकूनही नजरेतून सुटणार नाही.

खाणावळवाल्याचा माणूस आत्ताच येऊन गेला. काल रात्री विदकोटकडचा एक धर्मगुरू सर फुल्कच्या तांबड्या घोड्यावरून तिथे उतरला, चिखलानं भरलेला, जेवला नाही, आणि ऑक्सफर्ड अजून किती लांब आहे ते दोनदा विचारलं, असं म्हणत होता. म्हणजे तू माझ्या अंदाजापेक्षा जवळ आहेस, आणि हे पत्र तुला वाटेत मिळेल की नाही, कोण जाणे. आज नाहीतर उद्या दुपारपर्यंत जिन्यावर तुझी पावलं वाजतील. फाटकवाल्याला सांगितलंय, कडी काढ, आणि खाली निघून जा.

हॅमो